पांढऱ्या मातीची वळणं

सोमवार, ५ ऑक्टोबर १९८१

सकाळी दार उघडलं तर मुठीला पाटी लटकलेली. समोरच्या क्रिसी हॅगर्टचं काम. आपला आठवडा संपायची तिला एवढी घाई असते की रविवारी प्रार्थनेहून आल्या आल्या टोपी डोक्यावर असतानाच ती पाटी माझ्या दारावर आणून अडकवते. पुठ्ठ्याचा तुकडा, सुतळी आणि वर चार शब्द, ‘जिना धुण्याची पाळी आपली’. अक्षर कुणाचं ते आता कुणालाच आठवत नाही. पुसट झालं की कुणीतरी पेन फिरवतं आणि पाटी या दारावरून त्या दारावर फिरत राहते.

आमच्या जिन्यावर चार घरं. खाली लोकरीचं दुकान, त्याचं दार रस्त्यावर उघडतं, म्हणून त्याला पाळी नाही. पहिल्या मजल्यावर एका बाजूला मॅग्नस टुलॉक, दुसऱ्या बाजूला गेडेस नावाचं नवं जोडपं. वरती मी आणि क्रिसी. माझ्यानंतर पाटी टुलॉककडे जाते.

ही वही एल्सपेथनं दिली. म्हणाली, “आई, आठवणी लिहीत जा.” आठवणी लिहायला मी अजून मेलेली नाही. मी रोजचं लिहीन.

काल पर्थहून, तिच्या घरून, तिचा फोन होता. लोन रोडच्या टोकाला नगरपालिकेनं म्हाताऱ्यांसाठी एकमजली घरं बांधली आहेत, त्यातलं एक माझ्या नावानं राखून ठेवलंय म्हणे. नाताळच्या आत होय की नाही सांगायचं.

“तिथं एक पायरी आहे आई, फक्त एक. आणि भिंतीला दोरी आहे. पडलीस तर ओढायची, कुणीतरी येतं.”

मी म्हटलं, “ज्या आठवड्याला मला माझा जिना धुता येणार नाही, त्या आठवड्याला मी स्वतः बोचकं बांधीन. तोवर हा विषय काढायचा नाही.”

“जिन्यावरून कुणी आयुष्य ठरवतं का गं?”

“मग कशावरून ठरवतात?”

‘पुढच्या रविवारी बोलू’ म्हणून तिनं फोन ठेवला.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

जिना झाला. गुडघा पावाच्या कणकेसारखा फुगलाय, पण जिना झाला.

मी वरून सुरुवात करते. बादलीत गरम पाणी, मूठभर सोडा, घासणी आणि दोन फडकी. गुडघ्यावर बसूनच. गेडेसांची सँड्रा उभ्यानं लांब दांड्याच्या पोछ्यानं पुसते. पुसते म्हणजे कोपऱ्यातली घाण सगळीकडे सारखी वाटून देते. मी काही बोलत नाही. चेहऱ्यावर दिसत असेल तर त्याला मी काय करणार?

वरचा जिना, मधला वळणाचा चौथरा, एवढं झाल्यावर गुडघ्यानं दगा दिला. कठड्याला धरून वर आले, चहा केला, पाय स्टुलावर ठेवला. रेडिओवर समुद्राच्या हवामानाच्या बातम्या चालल्या होत्या. डोळा लागला असेल थोडा. मग दातओठ खाऊन खालचा निम्मा जिना करायला उतरले, तर काय, खालच्या पायऱ्या ओल्या आणि लख्ख! रस्त्याच्या दारापर्यंत!

म्हणजे मी आज खालूनच सुरुवात केली होती की काय? की एका दमात सगळं केलं आणि चहाच्या आधीचं विसरले? काही का असेना, मला वाटतं त्यापेक्षा माझ्यात पुष्कळ दम आहे. एल्सपेथला सांगायला हवं.

मग पांढऱ्या मातीची वडी घेतली आणि पायऱ्यांच्या दोन्ही कडांना वळणं काढली. एकातून एक निघणारी, डावीकडे झुकलेली. पूर्वी आमच्या शोअरगेट रस्त्यावर प्रत्येक जिन्याची स्वतःची नक्षी असायची. कुणाच्या साखळ्या, कुणाच्या लाटा. आमची वळणं माझ्या आईची आणि तिच्या आईची. आता अख्ख्या कर्कब्रे गावात एवढा एकच जिना राहिलाय. दुकानात ती माती मिळेनाशी झाली तेव्हा माझ्या नवऱ्यानं, आर्चीनं, जाण्याआधी एक गोणी आणून मागच्या जुन्या धुणीघरात ठेवली होती. ती मला पुरून उरेल.

वर येताना टुलॉक भेटला. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या. “नळ गळतोय,” म्हणाला. आयुष्यभर बोटीची इंजिनं दुरुस्त केली या माणसानं आणि घरचा नळ गळतोय. शेटलंड बेटांवरची माणसं अशीच. एकोणीस वर्षं झाली त्याला या जिन्यावर येऊन, अजून नवाच वाटतो.

रविवार, १८ ऑक्टोबर

चर्चमध्ये मिसेस पेट्रीची जागा रिकामी होती. दोन वर्षं झाली तिला जाऊन, तरी तिथं कुणी बसत नाही. गेडेस राहतात ते घर तिचंच.

शहाऐंशीव्या वर्षापर्यंत ती आपला जिना ‘स्वतः’ धुवायची. म्हणजे काय, तर वरच्या चार पायऱ्यांवरून फडकं फिरवायची, दम लागला की आत जाऊन बसायची, आणि तेवढ्यात मी आणि क्रिसी चोरपावलांनी उतरून बाकीचा जिना उरकायचो. बाहेर येऊन बघते तर सगळं स्वच्छ! मग चर्चच्या दारात उभी राहून सगळ्यांना ऐकवायची, “माझा जिना मी अजून स्वतः करते बरं का.” आम्ही दोघी पोटात हसू दाबून उभ्या. तिला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

आणि वर बढाई म्हणून दर वेळी माझ्या पायपुसण्यावर ताज्या भाजलेल्या स्कोनची बशी ठेवून जायची. जिना झाल्याचं साजरं करत असावी. स्कोन मात्र चांगले असायचे, खोटं कशाला बोलू.

मंगळवार, २७ ऑक्टोबर

दाराच्या मुठीला वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन हॅडक मासे. टुलॉकचे. त्याला खायला जमतं त्यापेक्षा जास्त पकडतो आणि मग मला साफ करत बसावं लागतं. आजचे तर साफ केलेलेच होते. घाईत चुकून केले असतील.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

हे लिहू की नको, कळत नाही. पण वही माझी आहे, वाचणार कोण?

आज जिना धुतला. वरचा भाग केला, गुडघ्यानं ओरडायला सुरुवात केली, वर आले, चहा घेतला. चहानंतर खाली उतरले तर खालचा जिना गेल्या वेळसारखाच झालेला. पण या वेळी वळणंही काढलेली होती. दोन्ही कडांना, रस्त्यापर्यंत. आणि सगळी उजवीकडे झुकलेली.

मी तिथंच उभी राहिले. मातीची वडी धुणीघरात होती. मी ती आणल्याचं मला आठवत नव्हतं. खाली वाकून वळणं काढल्याचं आठवत नव्हतं. आणि हात सत्तर वर्षं ज्या बाजूला वळतो त्याच्या उलट्या बाजूला कसा वळला? जिन्यावर दुसरं कुणी हे करत नाही, कुणाला येतही नाही. म्हणजे मीच.

सगळी पुसून टाकली आणि पुन्हा काढली.

रविवार, ८ नोव्हेंबर

घराच्या किल्ल्या पावाच्या डब्यात सापडल्या. पूर्वी असं झालं की मी हसायचे.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

क्रिसी चहाला आली होती. मी सहज विचारावं तसं विचारलं, “क्रिसी, तुला कधी असं होतं का गं? आपण एखादं काम केलेलं असतं आणि केल्याचं आठवतच नाही?”

“मला रोज होतं. काल मी हॅमिशला दोनदा जेवायला वाढलं.”

“खाल्लं तुझ्या नवऱ्यानं?”

“खाल्लं ना! तो कशाला आठवण करून देतोय?”

मी हसले नाही. मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “का गं? काय झालं?”

“काही नाही. परवा जिना धुतला तेव्हा जरा गोंधळ झाला. खालचा निम्मा कधी केला तेच आठवेना.”

क्रिसीचा चेहरा एकदम लाल झाला. बिस्किट तोंडाशी नेलेलं तसंच राहिलं. “अगं, जिन्याचं काय मनावर घेतेस? जिना काय, होऊनच जातो,” असं काहीतरी पुटपुटली, आणि एरवी तिसरा कप घेतल्याशिवाय न उठणारी बाई ओव्हनमध्ये काहीतरी राहिलंय म्हणत उठून गेली. आज गुरुवार. क्रिसी गुरुवारी कधी ओव्हन लावत नाही.

तिलाही कळलं असणार माझ्या डोक्याचं काय चाललंय ते. तिच्या मावशीचं असंच झालं होतं. ती कोंबड्यांना पत्रं लिहायची.

रविवार, २२ नोव्हेंबर

एल्सपेथला ‘होय’ म्हणून सांगितलं.

तिचा आवाज एकदम चढला. “काय झालं आई? पडलीस का?”

“पडले नाही. तुझंच म्हणणं पटलं.”

“माझं म्हणणं तुला एकेचाळीस वर्षांत कधी पटलं नाही.”

“मग आनंद मान.”

गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघ्याचं सांगता येतं. लोक गुडघ्याला खुर्ची देतात. डोक्याचं कळलं की समोर बसून आपल्याबद्दल दुसऱ्याशी बोलायला लागतात. मला फार भीती वाटते. हे इथं लिहिलं, बस.

बुधवार, २५ नोव्हेंबर

लोन रोडचं घर बघून आले.

शोअरगेटनं वर गेले. बंदराकडच्या जुन्या घरांना बाहेरून दगडी जिने आहेत. हॅरोमंडांची पायरी झिजून खोलगट झालीय पण रोज घासलेली असते. बँकेच्या पायरीवर सिगरेटची थोटकं. मॅनेजर नवा आहे, दिसतंच. सिनेमागृहात आता बिंगोचा खेळ चालतो, त्याच्या पायऱ्यांना लाल गालिचा चिकटवलाय, म्हणजे खाली काय आहे कुणी बघायला नको. सहकारी दुकानाचं घड्याळ बंद, पण उंबरा लख्ख. तिथली जीनी अजून हातानं करते. मला रस्ता असाच आठवतो, पायऱ्यांवरून. माणसांचे चेहरे नंतर.

सहकारी दुकानापाशी टुलॉक दिसला. माझ्या हातातली पिशवी न विचारता घेतली आणि बरोबर चालायला लागला.

“जाताय म्हणे.”

“क्रिसीनं सांगितलं वाटतं.”

“मासळी बाजारात सांगितलं तिनं. आता एव्हाना माशांनाही माहीत असेल.”

हा माणूस विनोद करतो हे मला एकोणीस वर्षांत माहीत नव्हतं.

वर पोचलो. सारखी सारखी आठ घरं, सारखी दारं, प्रत्येकाला सिमेंटची एक पायरी. आत गॅसची शेगडी, रुंद खिडकी, भिंतीला लाल दोरी. वाईट काही नाही. तिथल्या बाईला विचारलं, “ही पायरी कोण धुतं?”

“नगरपालिकेचा माणूस येतो महिन्यातून एकदा. तुम्हाला काहीच बघायला नको.”

टुलॉक बाहेर त्या पायरीकडे बघत उभा होता. “एकच?” म्हणाला.

“एकच.”

“तुमचा जिना तर आमच्या सगळ्यांपेक्षा लख्ख असतो, मिसेस रॅट्रे. दर वेळी. तो होतोय तोवर कशाला जायचं?”

“तो कसा होतो ते माझं मला माहीत,” मी म्हटलं. तो काहीतरी बोलायला गेला, टोपी काढली, परत घातली आणि बोलला काय, तर वारा उत्तरेला वळतोय.

उतारावर माझ्या पुढे एक पाऊल चालत होता. मी घसरले तर त्याच्यावर आदळेन एवढ्या जवळ. चालायची पद्धत नाही म्हणजे नाहीच.

सोमवार, ३० नोव्हेंबर

दाराला पाटी. या जिन्यावरची बहुतेक शेवटची. नाताळ झाला की एल्सपेथ गाडी घेऊन येणार.

मी ठरवलंय. जायचं तर जाईन, पण आपल्याला काय झालंय ते नीट बघून जाईन. पांढऱ्या मातीची गोणी आज धुणीघरातून क्रिसीच्या हॅमिशकडून वर आणवून घेतली. त्यातली एक वडी शुक्रवारी ॲप्रनच्या खिशात ठेवायची, खिशाला पिन लावायची, आणि या वेळी वळणं काढायचीच नाहीत. तरीही ती निघाली, तर माझं मी समजेन.

शुक्रवार, ४ डिसेंबर

मी नाही! मी नाही! मी नाही!

नीट लिहिते. वरचा जिना धुतला. मधला चौथरा धुतला. वर आले, चहा केला, रेडिओ लावला नाही. खुर्चीत ताठ बसले. खालून बादलीची कडी वाजल्यासारखी वाटली, पण मला कुठं कशाचा भरवसा होता तेव्हा? चहा संपवला. खाली गेले. जिना ओला, लख्ख, आणि दोन्ही कडांना वळणं. उजवीकडे झुकलेली.

पिन जागेवर. वडी खिशात, कोरडी, कोपरेसुद्धा शाबूत. माझ्या हातांना पांढरा कणही नाही.

मी तिथंच ओल्या पायरीवर बसले आणि रडले. मग हसायला आलं. दगड किती गार होता तेही कळलं नाही. मी वेडी नाही. किल्ल्या पावाच्या डब्यात गेल्या त्या गेल्या, जगात सगळ्यांच्या जातात.

मग डोकं चालायला लागलं. टुलॉकच्या दाराच्या पितळी मुठीवर पांढरा अंगठा उमटला होता. मी दार वाजवलं. पुष्कळ वेळ लागला उघडायला. बाह्या ओल्या. आणि पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर बशीएवढे पांढरे गोल.

“मिस्टर टुलॉक, गुडघ्यांना काय लागलंय?”

त्यानं खाली पाहिलं.

“पीठ,” म्हणाला. “स्कोन करत होतो.”

“गुडघ्यांनी?”

कानापर्यंत लाल झाला. डोळे माझ्या डोळ्यांना भिडवेना. “शेटलंडला... जरा वेगळी पद्धत आहे.”

“असेल,” मी म्हटलं आणि वर आले. वर येईपर्यंत हसू दाबलं, दार लावलं आणि मग ॲप्रन तोंडात कोंबून हसले.

शनिवार, ५ डिसेंबर

हसू ओसरलं. आज सकाळपासून राग आलाय.

कुणी सांगितलं होतं त्याला? मी मागितलं होतं का? एक महिना मी स्वतःला वेडी समजत होते. रोज सकाळी उठून स्वतःला माझ्या आईचं नाव, नवऱ्याचं नाव, पंतप्रधानांचं नाव विचारत होते. हा माणूस माझ्याच गोणीतली वडी आधीच उचलून ठेवून खाली खुशाल गुडघ्यांवर बसून माझी वळणं उलटी काढतोय! आणि क्रिसीला माहीत होतं. म्हणून तो गुरुवारचा ओव्हन! दोन महिने माझ्याकडची बिस्किटं खाऊन गेली ती बाई.

संध्याकाळी राग गेला आणि त्याहून वाईट काहीतरी येऊन बसलं. माझा नियम माझाच आहे. ज्या आठवड्याला जिना धुता येणार नाही, त्या आठवड्याला बोचकं बांधायचं. ऑक्टोबरपासून मी पुरता जिना एकदाही केलेला नाही. डोकं ठीक आहे, पण जिना होत नाही. मग जायलाच हवं. स्वतःच्या तोंडानं बोललेलं मी फिरवत नाही.

जेवले नाही.

रविवार, ६ डिसेंबर

आज चर्चमध्ये क्रिसीशेजारी बसायचं नव्हतं म्हणून मिसेस पेट्रीच्या जागी जाऊन बसले. लोक वळून बघत होते. बघू देत.

तिथून पाद्रीबाबांचं तोंड दिसत नाही, खांब आड येतो. मग मी विचार करत बसले. स्कोनचा विचार. का कोण जाणे. आणि एकदम मनात आलं, ती बशी फक्त आमच्याच दाराशी यायची. माझ्या पायपुसण्यावर आणि क्रिसीच्या. खाली तिच्या अगदी समोर टुलॉक राहायचा, त्याला कधी एक स्कोन दिला नाही तिनं. बढाई मारायची असती तर सगळ्यांना वाटले असते.

तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आत बसून आमच्या घासण्यांचे आवाज ऐकत असणार. आणि स्कोन चहाच्या वेळेपर्यंत भाजून व्हायला हवेत, म्हणून वरच्या चारच पायऱ्या करायची! चर्चच्या दारात ‘मी स्वतः करते’ म्हणायची ते आमच्या डोळ्यांत बघून म्हणायची. आम्ही समजायचो आपणच हुशार.

म्हणजे तिचा जिना तिचाच होता. आम्ही धुतला तरी तिचाच. तिनं तो सोडला नाही, एवढंच नाही, आम्हाला लाजवलं नाही आणि स्वतः लाजली नाही. मला नाही जमणार असं वाटलं. मग वाटलं, तिलाही पहिल्या वेळी नसेल जमलं.

भजन संपलं तरी मी बसून होते. क्रिसी येऊन हळूच म्हणाली, “नेटा, तू चिडलीयेस का माझ्यावर?”

“तुझ्या ओव्हनमध्ये काय होतं गं त्या गुरुवारी?”

तिनं रुमाल काढला. “तो म्हणाला, सांगितलंस तर ती दुसऱ्या दिवशी निघून जाईल. हात जोडले गं त्यानं. टुलॉकनं! मी काय करणार?”

“हात कशाला जोडले?”

क्रिसी माझ्याकडे बघत राहिली, मी फार काही मूर्खासारखं विचारल्यासारखी. “तूच विचार कर,” म्हणाली.

केला. जिना स्वच्छ राहावा असं त्याला वाटत असणार. बोटीवरच्या माणसांना स्वच्छतेची सवय असते.

दुपारी एल्सपेथला फोन केला.

“मी येत नाही लोन रोडला.”

“आई! मी सगळ्यांना सांगून बसले. आणि गुडघा?”

“गुडघा तसाच आहे.”

“आणि तुझा तो जिना?”

“जिना होतोय.”

“कोण करतंय?”

या मुलीला मी वाढवलंय, तिला बरोबर तेच विचारायचं सुचतं. खोटं बोलणार होते. मग म्हटलं, “वरचा मी. खालचा खालची मंडळी. तसंच चालतं इथं. मला आत्ता कळलं.”

मग ती म्हणाली, “नाताळला आले की त्या खालच्या मंडळींना भेटीन मी.” आवाजात हसू होतं. कशाचं, मला कळलं नाही.

गुरुवार, ३१ डिसेंबर

वर्षाचा शेवटचा दिवस, आणि पाटी माझ्या दारावर. जुनी घाण नव्या वर्षात न्यायची नाही, ही इथली रीत. दिवेलागणीच्या आत सगळं झालं पाहिजे. सकाळपासून शोअरगेटवर जो तो बादली घेऊन बाहेर. सँड्रासुद्धा आज दोनदा पोछा मारून गेली आपल्या दारासमोर.

एल्सपेथ कालच परत गेली. जाताना टुलॉकशी खाली बराच वेळ बोलत होती. काय बोललात विचारलं तर म्हणाली, “हवामान.” त्याचं वळण लागलेलं दिसतंय तिला.

मी पहाटे उठून स्कोन केले. मिसेस पेट्रीची बशी माझ्याकडेच राहिली होती, निळ्या काठाची. तीच घेतली. टुलॉक रोज न्याहारीनंतर बंदरावर चक्कर मारायला जातो. त्याचं पाऊल रस्त्याला लागलं तशी कठडा धरून खाली उतरले. त्याच्या उंबऱ्यावर बशी ठेवली, वर फडकं झाकलं, आणि स्कोनांशेजारी पांढऱ्या मातीची एक अख्खी वडी ठेवली. मग कसंबसं वाकले आणि उंबऱ्याच्या कडेला एक वळण काढलं. सावकाश, ठळक, डावीकडे झुकलेलं. शिकणाऱ्याला दिसावं असं.

परत वर. बादली, सोडा, फडकी. वरचा जिना धुतला, कडांना वळणं काढली, चौथऱ्यापर्यंत आले आणि थांबले. गुडघ्यासाठी नाही. माझा भाग तिथं संपतो म्हणून.

आत येऊन चहा केला. रेडिओ बंद. दार बोटभर उघडं ठेवलं. थोड्या वेळानं त्याची पावलं वर आली आणि त्याच्या दारापाशी थांबली. पुष्कळ वेळ काहीच आवाज नाही. बशी उचलल्याचा नाही, दाराचा नाही. मला वाटलं, चिडला. मला वाटलं, आता वर येऊन माफी मागत बसेल आणि सगळं बिघडवेल. मग किल्ली फिरली. मग पाणी बादलीत पडल्याचा आवाज आला. आज त्यानं आवाज लपवला नाही. घासणी दगडावर फिरत होती आणि तो काहीतरी गुणगुणत होता, शेटलंडचं असावं, त्याला चाल म्हणून नव्हती.

मी दोन कप चहा घेतला. सगळं शांत झाल्यावर पाटी आणि हातात फडकं घेऊन खाली गेले.

जिना चमकत होता. दोन्ही कडांना वळणं, पायरीमागून पायरी, सगळी डावीकडे झुकलेली. माझ्या आईनं काढली असती तशी. जरा जाड आलीत, पण हात बसेल. रस्त्याच्या दारापर्यंत उतरत गेले, एकेक बघत. कुठं चूक सापडेना. आणि मग शेवटच्या पायरीवर, अगदी दाराशी, शेवटचं एक वळण उजवीकडे झुकलेलं.

विसरला की मुद्दाम काढलं, कोण जाणे. वर जाताना पाटी त्याच्या मुठीला अडकवली. आतून आवाज आला, “मिसेस रॅट्रे?” मी म्हटलं, “नेटा. आणि उद्या सकाळी वर चहाला या.” आत काहीतरी खाली पडलं, बहुतेक बशी.

फडकं सगळा वेळ माझ्या हातात होतं. ते शेवटचं वळण मी पुसलं नाही.